मरगतम अक्कांची पिकअप आणि तिचा सेन्सर

वर्कशॉपमध्ये किस्से गोळा करावे लागत नाहीत. बॉनेट उघडलं की माणसाचं तोंडही उघडतं, आणि ऐकायला आम्ही असतोच. आम्ही म्हणजे मी आणि माझे मामा. कुंभकोणमहून दारासुरमला जाताना रस्त्याकडेला आमचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. पण खरं सांगू? आमचे निम्मे किस्से एकाच गाडीचे आहेत!

ती चोळपुरमच्या मरगतम अक्कांची पिकअप. नवरा गेल्यावर त्याची गाडी त्या स्वतः चालवायला लागल्या. लग्नाच्या हॉलवर केळीची पानं पोचवतात. दिराला मात्र गाडी विकायची होती. शेवटी घरात ठरलं, एक जरी मुहूर्त चुकला तर गाडी विकायची. आणि गाडी तर चालता चालता बंद पडायची! अक्कांचा जीव टांगणीला, आणि आमचाही.

*

दोष क्रँक सेन्सरचा असणार, एवढं कळत होतं. इंजिन फिरतंय हे कळवणारा तो एवढासा तुकडा, त्याचा निरोप थांबला की इंजिन थांबतं. पण हे मॉडेल आम्हाला नवीन.

गिऱ्हाइकासमोर गुपित बोलायचं झालं की आम्ही आमची घरची मराठी काढतो. इथे तमिळ मुलखात ती कोणाला कळणार? मामा इंजिनात डोकं घालून मला म्हणाले, "सेन्सर कोठें आहे मज ठाऊक नाहीं. तूं गंभीर तोंड करून उभी ऱ्हा!"

मागून अक्का म्हणाल्या, "तोंड बरें दिसतें. आतां सेन्सर हुडका!"

त्यांचं लहानपण तंजावरात, मराठी शेजारात गेलं होतं. मामा बराच वेळ डोकं बाहेर काढायलाच तयार होईनात.

*

मग एका मेकॅनिकचा व्हिडिओ सापडला. सेन्सर इंजिनवर नाहीच, मागे गिअरबॉक्स जिथे जोडतात तिथे, डाव्या बाजूला! झालं. मामा गाडीसमोर उभे राहून स्वतःच्या डाव्या हाताला शोधायला लागले. मी म्हटलं, डावं म्हणजे सीटवर बसल्यावरचं. जुंपली की आमची!

अक्का शांतपणे सीटवर जाऊन बसल्या आणि डावा हात पसरून म्हणाल्या, "गाडी मी चालवते. डावं माझं!"

सेन्सर तिथेच निघाला. त्याच्या प्लगची क्लिप तुटली होती, धक्का बसला की प्लग सुटायचा. नवी क्लिप येईपर्यंत प्लग गाडीखाली झोपून कसा दाबायचा, ते मामांनी अक्कांना दाखवून ठेवलं.

*

आयुधपूजेला मामांची भक्ती आवरत नाही. पान्यांना गंध, बॅटरीला गंध, दिसेल त्याला गंध! अक्कांच्या गिअरबॉक्सवरचा रिव्हर्सच्या दिव्याचा प्लग साफ करायला मी उघडा ठेवला होता. मामांनी त्याच्या आतसुद्धा चंदन भरलं! वाळल्यावर दिवा कसला लागतोय.

अक्का तक्रार घेऊन आल्या, तर मामा म्हणतात, "देवाचीच इच्छा, अक्का. मागें फिरूं नका!"

अक्का खळखळून हसल्या. नवरा गेल्यापासून मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. मला फार बरं वाटलं.

*

आणि एका मुहूर्ताच्या सकाळी अक्कांचा फोन आला, "आडुतुरैच्या अलीकडे बंद पडली!"

आम्ही स्कूटरवरून सुटलो. रस्त्यात गाडी कुठेच नाही. हॉलवर पोचलो तर पंगत बसलेली, पानं मांडलेली, आणि अक्का नळावर हात धूत होत्या! प्लग त्यांनीच बसवला होता आणि वर केळीच्या सोपटाने करकचून बांधला होता.

मामांनी वाकून पाहिलं. मला म्हणाले, "नवी क्लिप आली तरी ही गांठ सोडूं नको."

*

दिराचं मात्र एकच, "थांबली तर होती ना!" तो गाडीसाठी एक गिऱ्हाईक घेऊन थेट आमच्या दुकानात आला. गाडी घेऊन अक्काही तिथेच होत्या. मला रडू यायला लागलं.

गिऱ्हाइकाने विचारलं, "वायरिंगचा काही त्रास?"

मामा त्या दिवशी एक शब्द खोटं बोलले नाहीत. बॉनेट उघडून एकेक दाखवत गेले. "हा तापमानाचा सेन्सर, कधीही दगा देईल. हा स्टार्टर, पावसात रुसतो. क्रँक सेन्सर बघायचाय? मग पाठीवर झोपा!"

बिचारा पांढऱ्या वेष्टीत, म्हणजे धोतरातच, गाडीखाली झोपला. बाहेर आला तेव्हा वेष्टी ग्रीसने काळी झाली होती.

"अहो, मग ही गाडी आजवर चालली कशी?"

मामांनी अक्कांकडे बोट दाखवलं. "यांच्यामुळे. पण त्या गाडीबरोबर मिळत नाहीत!"