‘बटण दाबते’ एवढंच लिहिलं होतं

मंडळी, आज दुपारी माझ्या एआय एजंटाने शेजारच्या नानांचा केळीच्या पीकविम्याचा अर्ज ब्राउझरमध्ये छान भरला आणि शेवटी ‘सर्व पुसा’ दाबलं. मुदत आजच संपत होती.

दोष माझाच. त्याला क्लिक करायला दिलेल्या साधनाचं वर्णन मी सूत्ररूपात लिहिलं होतं, “बटण दाबते.” भाष्य माझ्या डोक्यातच राहिलं.

नाना त्यांच्या अहिराणीत म्हणाले, “मास्तर, बठ्ठं पुसाई गयं का? नवा गडी केळीमा कामले लावस तव्हय मी पहिले सांगस, कोनता घड कापाना नही.”

मी साधनाचं वर्णन नव्याने लिहिलं, “फक्त ‘पुढे’ आणि ‘सादर करा’साठी. ‘पुसा’ला हात लावू नको, शंका आली तर विचार.” एजंटाने अर्ज पुन्हा भरला आणि पाच वाजता पोचपावती आली.

वर्गात मी तीस वर्षं नुसतं “नीट लिहा” म्हणत आलो. तुमच्या मास्तरांनी कधी सांगितलं होतं का, नीट म्हणजे कसं?