बहिणीचा बिल्ला

गावातल्या प्रेसबिटेरियन पंथाच्या ख्रिस्ती मंडळीची पहिली उपासना पत्र्याच्या दुकानात झाली. दुकान पत्रेवाल्याचं. नरसाळी, कंदील, दुधाचे कॅन, छपराच्या पन्हळी असलं सगळं तो बनवायचा, आणि आठवड्याचे सहा दिवस त्याच्या लाकडी मोगरीचा ठोका अख्ख्या गल्लीला पुरून उरायचा. शनिवारी त्याची आई पत्र्याची कातरणं झाडून काढायची, ऐरणीवर स्वच्छ चादर घालायची. रविवारी सकाळी तिथे चौदा माणसं दाटीवाटीने बसायची. बाकं नव्हती, उलटे घातलेले डबे होते. कोणी जरा हललं की डबा ठणकन वाजायचा, आणि महिन्यातून एकदा घोड्यावरून येणारा पाहुणा पाळक प्रवचन विसरून जायचा. बाकीच्या रविवारी शाळामास्तर शास्त्र वाचायचे. त्यांना डब्यांची भीती नव्हती. सगळा जन्म पोरांच्या गोंगाटात गेलेला.

चार वर्षांत मंडळी सत्तरीच्या पुढे गेली. गिरणीवाल्याने जागा दिली, टेकाडाखाली दगडी चर्च उभं राहिलं आणि कायमचा पाळक मिळाला. पोरगेलासा, हडकुळा, एकेक वाक्य दोनदा तोलून मग बोलणारा. या पंथात वरून हुकूम सोडणारा कोणी धर्माधिकारी नसतो. मंडळी आपल्यातूनच काही जणांना निवडते, ते पाळकाबरोबर बसून काय ते ठरवतात. त्यांना ‘वडील’ म्हणायचं. पहिले वडील तीन निवडले गेले: शाळामास्तर, गिरणीवाला आणि पत्रेवाला. पत्रेवाला तेव्हा चौतिशीचा होता. निवड झाली त्या दिवशी त्याची आई शेजारणींना सांगत सुटली, "नवरा जाऊन बारा वर्षं झाली माझा, आणि आता पोटचा पोरगाच वडील होऊन बसलाय. मी हाक तरी कशी मारू त्याला?"

वडिलांनी पहिलं काम ठरवलं ते बिल्ल्यांचं. प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या मेजावरचा पाव आणि द्राक्षरस सगळ्यांनी मिळून घेणं, वर्षातून दोनदा व्हायचं. त्याआधीच्या आठवड्यात प्रत्येक वडिलाने आपल्या आळीत घरोघर जायचं, माणसांची विचारपूस करायची, आणि ज्यांच्या वागण्यात खोट नाही त्यांच्या हातावर शिशाचा एक बिल्ला ठेवायचा. रविवारी तो बिल्ला देऊन मेजाशी बसायचं. बिल्ला नाही, तर मेज नाही. बिल्ले ओतायचं काम अर्थातच पत्रेवाल्याकडे आलं. त्याने दगडात साचा कोरला, बोटाच्या पेराएवढे शंभर बिल्ले ओतले, एकेकाची कड कानसेने घासून गुळगुळीत केली. एवढं जीव लावून त्याने दुसरं काही केलं नव्हतं, असं त्याची बायको म्हणायची, आणि त्यात थोडा टोमणाही असायचा.

पत्रेवाल्याला एक धाकटी बहीण होती. लहानपणी भट्टीपाशी जाऊन बसायची आणि कोणी उठवलं की तडतडायची, म्हणून बापाने तिचं नाव ठिणगी पाडलं होतं. तेच पुढे सगळ्यांच्या तोंडी राहिलं. तिचं लग्न लवकर झालं. लग्नाला वर्ष होतं न होतं तोच तिचा नवरा डोंगरापलीकडच्या खाणीत कामाला गेला. त्याची दोन पत्रं आली. मग खाण कोसळल्याची बातमी आली. एकेचाळीस माणसं गाडली गेली होती. सव्वीस जणांची नावं कळली, बाकीच्यांपुढे नुसतं ‘बाहेरगावचे’ एवढंच लिहिलेलं. त्याचं नाव मेलेल्यांत नव्हतं, वाचलेल्यांतही नव्हतं.

पत्रेवाल्याने खाणीच्या कचेरीला नऊ पत्रं घातली. उत्तर एकच आलं: खाणीचा मालक बदलला असून जुनी दप्तरं आमच्याकडे नाहीत. तो स्वतः जाऊन आला. तिथे त्याला मातीचा एक लांबलचक ढीग दाखवला गेला. वर गवत माजलं होतं. त्या गवताकडे बघून कोणाचं नाव कसं काढणार?

ठिणगी सहा वर्षं थांबली. आईजवळ राहून शिवणकाम करत राहिली. सातव्या वर्षी गल्लीतल्या बेकरीवाल्याने तिला विचारलं. बायको वारलेला, मूलबाळ नाही, भुवयांना कायम पीठ लागलेलं, आणि दिवसभरात दहा शब्द बोलला तर खूप. दुकानातल्या पहिल्या उपासनेपासून प्रभुभोजनाचा पाव त्याच्याच भट्टीतून यायचा. ठिणगी हो म्हणाली.

पाळकाने लग्न लावायला नकार दिला. "मला पटत नाही असं नाही," तो पत्रेवाल्याला म्हणाला, "पण पहिला नवरा गेल्याचा पुरावा नाही. पुरावा नसताना लग्न लावलं तर मी कशाच्या आधारावर उभा राहू?" मग त्या दोघांनी सरकारी कचेरीत जाऊन सह्या केल्या. मंगळवारची गोष्ट. बुधवारी सकाळी बेकरी नेहमीच्या वेळेला उघडली.

ठिणगीला बिल्ला द्यायचा की नाही, हा प्रश्न उभा राहिला तो पुढच्या प्रभुभोजनाच्या वेळी. चर्चच्या मागच्या खोलीत वडील बसले.

"उद्या तिचा पहिला नवरा दारात येऊन उभा राहिला तर?" गिरणीवाल्याने विचारलं.

"सात वर्षांत राहिला नाही," पत्रेवाला म्हणाला.

"म्हणून राहणारच नाही असं थोडंच आहे?"

शाळामास्तरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "माझं तिच्याशी काय वैर आहे? बाराखडी मी शिकवली तिला. पण नियम आपणच केला ना? आज तिच्यासाठी वाकवला तर उद्या कोणाला नाही म्हणायचं? आणि लोक म्हणतील, वडिलाची बहीण म्हणून चाललं."

हे शेवटचं वाक्य पत्रेवाल्याच्या वर्मी लागलं. तो तिचा भाऊ नसता तर तिची बाजू त्याने घसा फोडून मांडली असती. आता तो जे काही बोलेल ते भावाचंच ठरणार होतं. दोन विरुद्ध एक झालं. पाळक म्हणाला, आपण हे प्रकरण प्रांतसभेकडे पाठवू. आसपासच्या सगळ्या मंडळ्यांची ती मोठी सभा. ती काय सांगेल ते मानू. तोवर बिल्ला थांबवायचा.

खालची गल्ली पत्रेवाल्याच्या वाट्याची होती. अठरा घरं, त्यातलं पाचवं बेकरीचं. त्याने गिरणीवाल्याला विनवलं, "यावेळी माझी गल्ली तू घे." गिरणीवाला म्हणाला, "बाबा रे, तुझी गल्ली तुलाच चालली पाहिजे." बोलताना त्याने मान वर केली नाही.

पत्रेवाला चार घरं करून बेकरीपाशी आला आणि उंबऱ्याबाहेर थबकला. ठिणगी आत कणीक मळत होती.

"दादा, आत ये की. बाहेरून काय बघतोस? पाव मोजतोयस?"

तो आत गेला. टोपी हातात घेतली. 

"नाही म्हणालेत ना?" तिनेच विचारलं.

"प्रांतसभेकडे गेलंय. तिथून येईल."

"बरं."

त्याने खिशातून चिंधीत गुंडाळलेलं काहीतरी काढलं. आदल्या दिवशी दुकान बंद करून त्याने एक बिल्ला जादा ओतला होता. यादीत नसलेला. "रविवारी गर्दी असते," तो खाली बघत म्हणाला, "बिल्ले मीच गोळा करतो. कोणाला कळायचं नाही."

ठिणगीचे हात कणकेत थांबले. "चोरून खायला मी काय मांजर आहे, दादा?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "ठेव तो खिशात. आणि पुढच्या घरी जा, म्हातारी वाट बघत असेल."

तो पुढच्या घरी गेला. त्या दिवशी त्याने उरलेल्या तेरा घरी माणसांच्या वागण्याची विचारपूस केली, आणि प्रत्येक घरी त्याला स्वतःचीच लाज वाटली.

ठिणगी उपासना चुकवत नसे. प्रभुभोजनाच्या रविवारी ती सर्वांत मागच्या बाकावर बसायची. लोक उठून मेजाकडे जायचे, ती जागच्या जागी. बेकरीवाल्याने मात्र चर्चचं तोंड बघणं सोडलं. पाव तेवढा तो न चुकता पाठवायचा, पांढऱ्या फडक्यात बांधून. आई एकदा तिन्ही वडिलांसमोरच म्हणाली, "त्याचा पाव चालतो तुम्हाला, तो चालत नाही. अजब आहे तुमचं!" शाळामास्तर खोकले. पाव मात्र कोणी बदलला नाही.

प्रांतसभेची पहिली बैठक पूल वाहून गेल्यामुळे झालीच नाही. दुसऱ्या बैठकीला पत्रेवाला दोन दिवस गाडीने प्रवास करून गेला आणि कॉरिडॉरमधल्या बाकावर बसून राहिला. संध्याकाळी एका कारकुनाने बाहेर येऊन सांगितलं, तुमचा विषय पुढच्या वेळी. पुढच्या वेळी तिघांची समिती नेमली गेली. समितीतले एक गृहस्थ आजारी पडले. पत्रेवाला परत यायचा, मोगरी उचलायचा आणि ठोकत बसायचा. गिऱ्हाइकं म्हणायची, हल्ली तुझ्या डब्यांना पोचे फार पडतात.

दुसऱ्या वर्षी आईच्या पायांवर सूज चढली. ती हळूहळू वर सरकली आणि डॉक्टरने पत्रेवाल्याला बाजूला घेऊन मान हलवली. आईला तोवर दिसेनासंही झालं होतं. एका दुपारी ती म्हणाली, "पाळकाला बोलाव. प्रभुभोजन घेते. आणि सगळी एकत्र बसा माझ्याजवळ. दुकानात बसायचो तशी."

पाळक आला. खोली लहान. पलंग, खिडकीपाशी स्टूल, त्यावर पांढरं फडकं. पत्रेवाला, त्याची बायको, आणि पायथ्याशी आईचे पाय मांडीवर घेऊन बसलेली ठिणगी. ती कुठे जाणार होती? पाळकाने तिच्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं, आणि प्रार्थना सुरू केली. पाव मोडून त्याने ताट पत्रेवाल्याच्या हातात दिलं. ताट फिरवायचं काम वडिलाचं.

त्याने आईच्या ओठांना तुकडा लावला. बायकोला दिला. मग तो पायथ्याशी आला. ताटात दोन तुकडे होते. ठिणगीने वर पाहिलं नाही. दोन्ही हातांनी ती आईची पावलं चोळत होती. हात पुढे करायचा नाही म्हणून चोळत होती, हे त्याला समजलं. तिने नुसता एक हात उचलला असता तर त्याने दिला असता, पाळक समोर असो की सगळी प्रांतसभा. निदान पुढे कितीतरी वर्षं तो स्वतःला असं सांगत राहिला. तिने हात उचलला नाही, आणि त्याचाही हात ताटाखालून निघाला नाही. क्षणभर उभा राहून तो वळला.

"ठिणगीला दिलंस?" आईने विचारलं.

 पाळक हातातल्या पुस्तकाकडे बघत होता.

"दिलं, आई," पत्रेवाला म्हणाला.

"हं," आई म्हणाली. "गोड आहे पाव."

तिसऱ्या दिवशी ती गेली.

खोटं बोललो, तेही हातात ते ताट असताना, असं पत्रेवाल्याने वडिलांच्या पुढच्या बैठकीत स्वतःहून सांगितलं. माझं वडीलपण काढून घ्या म्हणाला. गिरणीवाला रडायला लागला. एवढा आडदांड माणूस, त्याला रडताना कुणी पाहिलं नव्हतं. शाळामास्तर म्हणाले, "हे मी लिहून घेत नाही." पाळकाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. कोणीच त्याला शिक्षा करेना. ती झाली असती तर बरं, असं त्याला वाटत राहिलं.

हिवाळा सरताना ठिणगी आणि तिच्या नवऱ्याने बेकरी विकली आणि दोघं रेल्वे जंक्शनच्या गावी गेली. जाताना ती भावाला भेटून गेली. भांडण नव्हतं, रुसवा नव्हता. "खोकला अंगावर काढू नकोस," एवढं तिने बजावलं.

त्यानंतर अकरा महिन्यांनी प्रांतसभेचं पत्र आलं. सर्व परिस्थिती पाहता पहिला पती मृत मानण्यास हरकत नाही, सदर बाईंस प्रभुभोजनास बसू द्यावे. पाच ओळी, खाली तीन सह्या. शाळामास्तरांनी पत्र मोठ्याने वाचलं, आणि वाचून झाल्यावरही ते हातात धरून तसेच उभे राहिले. पत्रेवाल्याने ते मागून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी पकडली.

ठिणगीची नवी बेकरी स्टेशनसमोर होती. भावाला पाहून ती हातातलं टाकून धावत आली, त्याला मागच्या स्वयंपाकघरात नेऊन बसवलं, चहा टाकला. त्याने पत्र पुढे केलं. तिने पदराला हात पुसले, पत्र खिडकीपाशी नेऊन वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं.

"बरं झालं," ती म्हणाली.

"आता कधीही येऊ शकतेस. पुढच्या महिन्यात प्रभुभोजन आहे. मी घ्यायला येतो."

"इतक्या लांब कुठे, दादा? दुकान कोण बघणार?" तिने पत्र घडी घालून त्याच्यासमोर ठेवलं. "इथे कोपऱ्यावर एक चर्च आहे. वेगळ्या पंथाचं. तिथे कोणी काही विचारत नाही. हे सुद्धा येतात आता."

"पण मग मी एवढं..." तो बोलायला लागला आणि थांबला. त्याने काय केलं होतं? दोनदा बाकावर बसून आला होता.

"माहिती आहे रे मला," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "तू तरी काय करणार होतास?"

तेवढ्यात पुढून तिच्या नवऱ्याची हाक आली. गाडी लागली होती, गिऱ्हाइकांची झुंबड उडाली होती. "आलेच हं, चहा निवू देऊ नकोस," म्हणत ती पुढे पळाली. पत्रेवाला टेबलाशी बसून राहिला. पत्र पुन्हा खिशात घालावं की तिथेच तिच्यासाठी ठेवून जावं, हे काही केल्या त्याला ठरवता येईना.