आधी त्यांना घ्या

"आधी त्यांना घ्या हो. मी बसत्ये."

काकूंचं हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते ड्यूटीवर असताना, आमच्या कॅज्युअल्टीच्या बाकड्यावर. डोक्यावरून पदर, मांडीवर पिशवी. कोयत्याने बोट कापलेला गडी आला, काकू सरकल्या. पोट धरून एक मुलगी आली, काकू पुन्हा सरकल्या. मला वाटलं, बाई कुणाच्या तरी सोबतीला आल्यात.

जवळून जाताना बघते तर थंडी भरून थडथडत होत्या.

"काकू, काय होतंय?"

"काही नाही गो, अंगात जराशी कसर आहे. किमो चालू आहे ना, त्यानं असेल."

किमो! मी कपाळाला हात लावला, चटकाच बसला. तुम्हाला म्हणून सांगते, किमोने प्रतिकारशक्ती पार खाली गेलेली असते, त्यात साधा तापही काही तासांत जिवावर उठतो. काकूंचं ब्लडप्रेशर उतरलंच होतं. त्यांना वेगळ्या खोलीत नेलं, डॉक्टर धावत आले, सलाईन आणि अँटिबायोटिक सुरू झालं. आणि बाई विचारतायत, "त्या मुलीचं झालं का गो?"

"गप्प पडा बघू!" मी ओरडले. घाबरले की मी ओरडते.

दोन दिवस आम्हाला घोर होता. ताप उतरल्यावर मी उशाशी उभं राहून बजावलं, "काकू, हे हळदीकुंकू नाही. ताप आला की दारातूनच ओरडायचं, किमो चालू आहे म्हणून. रांगेत बसायचं नाही."

"इश्श! लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. तुम्हाला जगायचंय ना?"



पुढच्या किमोनंतर एका दुपारी दारातून आरोळी आली, "सरका! किमो चालू आहे, ताप आलाय, मला आधी घ्या!" अख्खी कॅज्युअल्टी वळून बघायला लागली. मग काकू बाकड्यावरच्या आजोबांना हळूच म्हणाल्या, "रागावू नका हं. ही सिस्टर फार कडक आहे." मला हसूही आलं नि रडूही. या खेपेला लवकर घरी गेल्या.

किमो संपली. काकू आता आमच्याकडे येत नाहीत, आणि येऊच नयेत.

परवा स्टँडवर दिसल्या. डोक्यावर बोटभर नवे पांढरे केस. मिरजोळ्याची गाडी लागली, झुंबड उडाली, आणि काकू दाराशी उभ्या. "चढा, चढा. आधी तुम्ही चढा." गाडी गच्च भरून निघून गेली. काकू खालीच.

मी ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. आता थांबल्या तरी चालणार होतं.