लिंबाखालचा बाक

विद्यापीठाच्या विधी विभागात फौजदारी न्यायाचा अभ्यास करणारं एक केंद्र आहे आणि मी तिथं पगारी नोकर आहे, ही गोष्ट आमच्या गावात, पिंपळगाव रेणुकाईत, अजून कुणाला पटवता आलेली नाही.

"म्हंजे वकील का?"

"न्हाई."

"मंग पोलिसात?"

"न्हाई. मी कोर्टात बसून पाहतो. पाहिलेलं लिहितो."

यावर पारावरची मंडळी अशी गप्प होतात, जणू मी कुणाच्या मयताची बातमी आणली आहे. पुढे त्यांचं हेच न कळणं मला चांगलं भोवलं.

जामीन मंजूर होऊनही माणसं आत का राहतात, हा आमच्या केंद्राचा त्या वर्षीचा प्रश्न होता. माझ्या वाट्याला अंबडचं कोर्ट आलं. केंद्राच्या मॅडमनी निघताना बजावलं, "फक्त पाहायचं. कशाला हात लावायचा नाही." रोज जालन्याहून एस्टीनं जायचं, तारखांवर तारखा पडताना पाहायच्या आणि धूळ खात परत यायचं. पहिल्या महिन्यातच माझी पाठ निवृत्त झाली.

आत उकडायचं, म्हणून मी आवारातल्या लिंबाखालच्या बाकावर बसू लागलो. तो बाक धंदेवाईक जामीनदारांचा. ज्या आरोपीला घर-शेत असलेला ओळखीचा माणूस मिळत नाही, त्याच्यासाठी हे लोक आपला सातबारा घेऊन उभे राहतात आणि जन्मात न पाहिलेल्या माणसाला चांगला ओळखतो म्हणून सांगतात. मला वाटलं, घबाड सापडलं. त्यांचा चहा पिऊ लागलो. उशीर झाला तर ते माझी जागा राखायचे. मी मॅडमना ऐटीत कळवलं, 'विश्वास संपादन केला आहे.'

खाला मला तिथंच भेटली; खाला म्हणजे मावशी, बाकावरचे सगळे तिला तसंच म्हणायचे. मुस्लिम मोहल्ल्यातली, उन्हानं रापलेली बाई. शेतातली पाण्याची मोटार चोरल्याच्या संशयावरून तिचा मुलगा जालन्याच्या जेलात होता. जामीन मंजूर झालेला, जामीनदार नव्हता. बाकावरच्यांचा भाव तिला झेपत नव्हता आणि अंबडातले सगे भाड्याच्या घरात. मुलगा कापसाच्या जिनिंगमध्ये प्रेसवर गाठी बांधायचा. दसऱ्याच्या सुमाराला कापूस येतो, मशीन सुरू होते, आणि त्या वेळी जो हजर त्याचीच वर्षभराची जागा.

"मशीन चालू होने के पहले आला पायजे बेटा," ती म्हणाली. "न्हाई तर ती जागा गेली. तुझं शेत हाय का रे?"

होतं. पिंपळगावात, माझ्या नावावर. हो म्हणताना मला मॅडम आठवल्या, पण त्याहून जास्त स्वतःचा चांगुलपणा दिसत होता. बऱ्याच दिवसांत कुणी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

पुकारा झाला. मी सातबारा घेऊन उभा राहिलो. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं.

"तुम्ही रोज बाहेर त्या बाकावर बसता ना?"

"हो साहेब. अभ्यासासाठी."

मागे कुणीतरी खोकलं.

"आरोपीला ओळखता?"

कायद्याचा पदवीधर मी, खोटं कसं बोलू? "त्याच्या आईला ओळखतो, साहेब."

"आईला कधीपासून?"

"मागच्या आठवड्यापासून."

मी केंद्राचं ओळखपत्र काढलं. त्यावरचा शिक्का घामानं पुसट झाला होता. साहेबांनी ते दोन बोटांत धरून परत दिलं. "अशी कार्डं आम्ही रोज बघतो," ते म्हणाले आणि माझी पोलिसांकडून पडताळणी करायला सांगितली.

बाहेर आलो तर बाकावरचा सगळ्यात जुना जामीनदार कपाळावर हात मारून बसलेला. "आरं, चांगला वळखतो म्हणायचं असतंय. आमच्यात बसून एवढं बी शिकला न्हाई? कशाचा अभ्यास करून राह्यला तू?"

 खालानं पदर सारखा केला आणि पुढची तारीख विचारायला गेली.

पडताळणी गावात पोचायला दसरा उलटला. पोलिसानं पारावर विचारलं, हा माणूस करतो काय? मंडळींनी खरं तेच सांगितलं: दिवसभर कोर्टात बसतो. दुसरं काय करतो, कुणाला ठाऊक नव्हतं. अहवाल गेला: 'कोर्टाच्या आवारात वावर. उदरनिर्वाहाचे साधन समजून येत नाही.' जामीनदार म्हणून मी नापास झालो. मॅडम फोनवर एवढंच म्हणाल्या, "मी काय सांगितलं होतं?" केंद्राच्या तक्त्यात, नाकारलेल्या जामीनदारांच्या रकान्यात, त्यांनी माझी नोंद मलाच करायला लावली.

माझ्या भरवशावर खालानं दुसरीकडे विचारणंच थांबवलं होतं. मी नापास झाल्यावर ती परतूरला बहिणीच्या नवऱ्याकडे गेली. त्याचं छोटं घर होतं. आधी तो घाबरत होता, शेवटी आला. मुलगा सुटला. पण तोवर प्रेसवर दुसराच उभा होता.

नंतर ती अंबडच्या स्टँडवर दिसली. मुलगा सोबत होता. त्याला मी पहिल्यांदाच पाहत होतो. मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोती उचलतो म्हणाली. रोज काम मिळेलच असं नाही.

"हेच ते साहेब," तिनं त्याला सांगितलं. त्यानं सलाम केला. 

एस्टी लागली. चढता चढता ती वळली. "बेटा, अब किसी को हाँ मत बोलना," ती शांतपणे म्हणाली. "तू न्हाई म्हणला असता, तर मी त्याच दिवशी परतूरला गेले असते."

गाडी गेली. मी कोर्टाकडे निघालो. बाकावर माझी जागा राखलेली होती.