वहीतलं कळलावीचं कोरं पान

फुलांचे फोटो काढणाऱ्या माणसाच्या मोबाईलमध्ये जागा उरत नाही, आणि डोक्यातही. फोटो निदान डिलीट करता येतात. किस्से तसेच साठत जातात आणि रविवारी सकाळी दुखरा गुडघा धरून चिखलात बसलं, की एकेक वर येतात.

मेहकरात माझा स्टुडिओ आहे. तीस वर्षं लग्नं काढली. "जरा स्माईल" म्हणून म्हणून माझी स्वतःची स्माईल संपली. रविवारी तरी माणसांपासून सुटका होईल म्हणून फुलांच्या मागे लागलो. सोबतीला दोघं मिळाले. एक वानखडे सर, आम्हाला कॉलेजात बॉटनी शिकवायचे. दुसरे इंगळे गुरुजी, शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. दोघंही रिटायर. डबा घेऊन सरांच्या मिसेस यायच्या, म्हणजे आमच्या काकू. सुटका कसली! एका फुलावर दोन माणसांचं एकमत होत नाही हे मला तिथं कळलं.

*

सरांच्या मते झाडाचा फोटो म्हणजे झाडाचं ओळखपत्र. पान वरून, पान खालून, फूल, फळ, खोड, आणि शेजारी स्टीलची फुटपट्टी. आपल्या भागातल्या सगळ्या रानझाडांची, गावठी नावांसकट, एक वही त्यांना पुरी करायची होती. बाकी कशासाठी कॅमेरा वापरतात हे त्यांच्या गावीच नव्हतं.

माझ्या पुतणीच्या साखरपुड्याला मी तापाने आडवा झालो. नाइलाजाने कॅमेरा सरांकडे दिला. दोनशे फोटो आले. हारातला झेंडू, शेवंती, स्टेजवरचा जरबेरा. पुतणीच्या वेणीतला मोगरा तर फुटपट्टीसकट! माझ्या भावाने सगळे फोटो दोनदा पाहिले आणि थकून विचारलं, की यात जावई कुठे आहे?

सरांनी चष्मा पुसला आणि एका फोटोवर बोट ठेवलं. "हा काय. शेवंतीच्या मागं दिसून राह्यला न."

*

गुरुजींना त्या फुटपट्टीची चीड. त्यांना मागचं सगळं धूसर, उजेड कोवळा आणि पाकळीवर दवाचा थेंब हवा. दव पडलं नसेल तर आपण पाडायचं. त्यासाठी सलूनमध्ये असते तशी पाण्याच्या स्प्रेची बाटली त्यांच्या पिशवीत कायम असायची.

वरवट बकालला एका लग्नाला आम्ही सगळे गेलो होतो. मार्च संपत आलेला, दुपारचे दोन. रस्त्याकडेला पळस फुललेला दिसला आणि गुरुजींनी गाडी थांबवली. भर उन्हात पळसावर दव पाडणं सुरू झालं. मी घाम पुसत उभा. तेवढ्यात डोक्यावर दोन हंडे घेऊन एक बाई आली, थांबली आणि बराच वेळ बघत राहिली.

"भाऊ," ती शेवटी म्हणाली, "आमी नदीपासून हंडे वाहून राह्यलो, अन् तुमी पळसाले आंघोळ घालून राह्यले काय?"

गुरुजींनी बाटली पिशवीत टाकली, ती पुन्हा बाहेर आली नाही. काकू मात्र मेहकर येईपर्यंत हसत होत्या.

*

मीही काही धुतल्या तांदळासारखा नाही. बियाणं विकणाऱ्या एकाने पोस्टरसाठी कपाशीचा फोटो मागितला होता. उंद्रीला एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या वावरात गेलो. बोंडं आपली बेताचीच होती. मग आमच्या धंद्यातली जुनी युक्ती केली. जमिनीवर पालथा पडून खालून फोटो घेतला आणि बोंड त्याच्या म्हाताऱ्या आईच्या चिमुकल्या तळहातावर ठेवलं. बोंड नारळाएवढं दिसायला लागलं.

पुढच्या वर्षी तोच शेतकरी बियाण्याच्या दुकानात मला भेटला. पोस्टरसमोर उभा राहून तो दुकानदाराला सांगत होता, "मले हे वालं द्या. मांगच्या सालचं काही कामाचं नव्हतं."

त्याला कुणी सांगायचं, की ते बोंड त्याच्याच वावरातलं आहे? मी तरी सांगितलं नाही. पोस्टरवरचा हातही त्याला ओळखू आला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

*

पिकाची सरकारी नोंद मोबाईलवर करायची, फोटोसकट, असं निघालं तेव्हाची गोष्ट. सकाळी शटर उघडतोय तोच एक काका तुरीचं आख्खं झाड मुळासकट घेऊन आले. शेंगा लागलेलं, माझ्या उंचीचं. एसटीतून उभं धरून आणलेलं. ते त्यांनी स्टुलावर टेकवलं, धूळ झटकली आणि म्हणाले, "याचा पासपोर्ट काढ."

मी इतका कंटाळलेलो होतो, की सवयीने विचारलंही, मागे पांढरा पडदा लावू की निळा?

मग भानावर आलो. तो फोटो वावरात उभं राहूनच काढायचा असतो, इथला चालत नाही, असं त्यांना समजावलं. काका स्टुलाशेजारी खाली बसले. एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तुरीकडे.

"मंग म्या हे उपटलं काऊन?"

*

आता कळलावी.

ही वेल पावसाळ्यात बोरी-बाभळीच्या झुडपांवर चढते. लालपिवळ्या पाकळ्या वर वळलेल्या, पेटत्या चुलीसारख्या. दिसायला इतकी देखणी, पण घरात कुणी आणत नाही. आणली की घरात भांडणं लागतात म्हणतात. मी एकदा तिचा फोटो स्टुडिओच्या काचेत लावला होता. साखरपुड्याचा अल्बम ठरवायला आलेली एक सासूबाई दारातूनच मागे फिरली!

सरांच्या वहीत कळलावीचं पान तयार होतं. गावठी नाव, शास्त्रीय नाव, माहिती, सगळं. फोटोची जागा कोरी. कारण काकू. फूल तर नाहीच, फोटोसुद्धा उंबऱ्याच्या आत येऊ द्यायचा नाही, असं त्यांनी बजावलं होतं. सर त्यांना अंधश्रद्धेवर लेक्चर द्यायचे. काकू भाकरी मोडता मोडता ऐकायच्या आणि म्हणायच्या, "तिच्याबिगर आपली काय कमी जुंपते?"

ते मात्र खरं होतं. चहातली साखर, फॅनचा स्पीड, एसटीतली खिडकीची जागा, दोघांचं कशावरही वाजायचं. गुरुजी सरांना चिडवायचे, "सर, तुमचं सायन्स चपलाईसंगं दाराबाहेर राह्यते." सर रागवायचे, पण पान कोरंच राहिलं.

मागचा हिवाळा सरता सरता काकू गेल्या. तीन दिवस ताप आला, एवढंच.

सर रविवारी यायचे बंद झाले. मी आणि गुरुजी दोन रविवार गेलो, फोटो काढले नाहीत, टोस्ट खाऊन परत आलो. मग सरांच्या घरी गेलो. फॅन त्यांना हव्या त्या स्पीडवर फिरत होता. वहीचं विचारलं तर म्हणाले, राहू दे, आता कोण बघतं ती. इतकं शांत घर मला सहन होईना. चहा अर्धा टाकून उठलो.

या श्रावणात एका सकाळी त्यांचा फोन आला. "कळलावी फुलली असन. चाल."

तिघं गावाबाहेरच्या टेकडीवर गेलो. भुरभुर पाऊस होता. वेल बोरीच्या काट्यांत शिरलेली, माझा शर्ट फाटला, गुडघा ठणकत होता. गुरुजींनी काही न सुचवता माझ्या डोक्यावर छत्री धरली. सरांनी फुटपट्टी काढलीच नाही.

सरांनी दोन प्रिंट सांगितल्या. एक छोटी, वहीत लावायला. दुसरी चांगली हातभर, फ्रेमसकट. ती घेऊन मी त्यांच्याकडे गेलो तर हातोडी आणि खिळा टेबलावर तयार. बैठकीत काकूंचा फोटो, त्याला चंदनाचा हार. मला वाटलं, ही फ्रेम आतल्या खोलीत लावायची असेल. मी आत निघालो, तर त्यांनी बैठकीतच थांबवलं.

मला राहवलं नाही. म्हटलं, "सर, काकूंना हे घरात चालत नव्हतं."

"म्हनूनच तिच्या समोरच्या भिंतीवर लाव," सर म्हणाले. "पाहू, आता तरी भांडते काय."