तुम्हाला म्हणून सांगतो

फेब्रुवारीत हायस्कूलचे विषय निवडायची वेळ आली, की पार्सिपनीच्या इंडियन ग्रोसरीत हे गृहस्थ हमखास भेटतात. भेंडीची टोकं मोडून बघत, मान वर न करता बोलतात. सुरुवात ठरलेली, "तुम्हाला म्हणून सांगतो." किती जणांना असं सांगतात कोण जाणे, त्यांची पिशवी बराच वेळ रिकामीच असते.

यंदा माझ्या मुलीला नववीपासूनचा इंजिनिअरिंग प्रोग्रॅम हवा होता. जागा मोजक्याच.

"तुम्हाला म्हणून सांगतो, त्यात पडू नका. सर फार कडक आहेत, ग्रेड्स जातात. सायकॉलॉजी घेऊ दे तिला."

"तुमचा मुलगा काय घेतोय?"

"छे हो, अजून कशात काही नाही."

घरी मुलीला विचारलं. ती म्हणाली, "आई, त्याचा इंजिनिअरिंगचा फॉर्म मंडेलाच गेला. ही टोल्ड मी ऑन द बस."

मी तिथल्या तिथे तिचाही फॉर्म भरून पाठवला. आठवड्याने तिला जागा मिळाल्याची ईमेल आली.

नंतर ते पुन्हा दुकानात भेटले. "काय ठरलं मग?"

"सायकॉलॉजी," मी सांगितलं.

"उत्तम केलंत!"

दुसऱ्या दिवशी ते आमच्या दारात उभे. हातात त्यांच्या थोरल्या मुलीच्या सायकॉलॉजीच्या वह्या, कव्हरं घातलेल्या. "तिला उपयोगी पडतील."

मी वह्या घेतल्या. चहाचं विचारलं नाही. सप्टेंबरात त्यांचा मुलगा आणि माझी मुलगी एकाच वर्गात बसणार आहेत.