चार बोटांचं पत्र

अक्कांबद्दल मी लिहावं, हे खरं तर बरोबर नाही. मी त्यांच्या नात्यातला नाही, त्यांच्या गल्लीतलाही नाही. लिहिण्याची सवय मला परीक्षेपुरतीच आहे. शिवाय माझ्या हातून त्यांच्याबाबत एक चूक झालेली आहे, आणि चूक करणारा चित्र काढायला बसला की ते आपल्या सोयीचं काढण्याची भीती असते. पण अक्कांना ओळखणाऱ्यांपैकी लिहिणारे थोडे, आणि जे लिहू शकतात त्यांना हे सगळं ठाऊक नाही. म्हणून धाडस करतो आहे. कुठं चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

अक्का सगळं बोटांनी मोजायच्या. कापड तर मोजायच्याच, पण उंबऱ्यापासून ऊन किती आत आलं, कुंडीतली तुळस किती वाढली, दुकानातल्या पोत्यात तांदूळ किती उतरला, हेही बोटं आडवी लावूनच बघायच्या. ताडकळसच्या बाजारगल्लीत त्यांचं किराण्याचं दुकान होतं. त्यांचे मालक वारल्यावर मुलगा दुकानात बसायचा. त्यानं एकदा कौतुकानं मीटरची पट्टी आणून दिली. अक्कांनी ती खिडकी उघडी राहावी म्हणून अडकवून ठेवली. म्हणाल्या, "पट्टी इसरून जाती कुठंबी. बोटं कुठं इसरावीत?"

दुसरं त्यांचं काम म्हणजे गोधड्या. गळ्यात चांदीच्या डबीत शिवलिंग, ते पदराआड सारायचं, आणि दुपारभर ओट्यावर कापडाचे थर पसरून धावदोरा घालत बसायचं. त्यांच्या हातचा टाका तांदळाएवढा. कापड नेहमी जुनं. "कापड अंगाला लागलेलं पाहिजे," त्या म्हणत. "कोऱ्याला माणूस ठाऊक नसतं. ते काय ऊब देणार?" त्यामुळं जुनी लुगडी, धोतरं, झबली त्या कुणाकडंही मागायच्या. त्यात त्यांना कधी संकोच वाटला नाही. एकदा बदली होऊन चाललेल्या डॉक्टरांच्या बायकोला त्यांनी भर रस्त्यात विचारलं होतं, "ते हिरवं लुगडं नेसून नेसून झालं का तुमचं?" आमच्या वस्तीकडं मात्र त्या कापड मागायला कधी आल्या नव्हत्या. हे मी तेव्हाही पाहिलं होतं.

मोठ्या दुष्काळात विहिरींच्या कामावर एक अमेरिकन जोडपं आमच्या गावात आठ-नऊ महिने राहिलं. बाईंचं नाव रूथ. गाव रूताबाई म्हणायचं. त्यांची चार वर्षांची मुलगी आना. दुपारच्या उन्हात ते लेकरू कशानं झोपायचं नाही. एकदा अक्कांच्या ओट्यावर अर्धवट शिवलेल्या गोधडीत शिरलं आणि दिवे लागेपर्यंत उठलं नाही. मग ते रोजचंच झालं. काम संपल्यावर ती माणसं आपल्या मुलखाला, अलास्काला परत गेली, आणि तिथून वर्षातून दोनदा अक्कांना पत्रं येऊ लागली.

इंग्रजी वाचणारे गावात दोघं-तिघं होते. हेडमास्तर पत्र मनात वाचून म्हणायचे, "खुशाल आहेत, थंडी आहे, तुमची आठवण काढतात." अक्कांना ते पटेना. "एवढं मोठं पत्र, आन् तीनच गोष्टी? मला समदं पाहिजे." मी तेव्हा परभणीला कॉलेजात होतो. आमच्या घरातला पहिलाच. सुट्टीला आलो की मला निरोप यायचा. पहिल्या दिवशी मला ओट्यावर पोतं टाकून बसवलं. चहा आला तो कान तुटलेल्या कपात, आणि तो कप नंतर बाहेरच्या कोनाड्यात गेला. मी ते पाहिलं. मी पाहिल्याचं अक्कांनीही पाहिलं असावं. पुढच्या सुट्टीत तो कप कोनाड्यात नव्हता. चहा घरातल्या कपात आला, आणि तो कप अक्कांनी स्वतःच आत नेला. याबद्दल आम्ही कधी बोललो नाही. मला त्या 'कालेजवाले' म्हणायच्या.

माझं इंग्रजी बेताचं. मांडीवर शब्दकोश घेऊन मी एकेक ओळ लावायचो. थंडीत तिथं सूर्य तीन-चार तासच दिसतो, लेकरं अंधारात शाळेत जातात, बर्फावरून बिनचाकाची गाडी कुत्री ओढतात, असं वाचलं.

"कुत्रे? बैल कामून न्हाईत?"

पत्रात त्याचं कारण नव्हतं. अक्कांनीच थोडा विचार केला. "बरोबर हाय. तिथं कडबा कुठून आणावा माणसानं?"

आमच्याकडच्या रोहीसारखं, म्हणजे नीलगाईसारखं मोठं जनावर परसात येऊन कोवळी झाडं खातं, असं आलं तेव्हा त्यांना बरं वाटलं. तो त्रास त्यांच्या शेतालाही होता. उन्हाळ्यात नदीचे मासे फाडून धुरावर वाळवतात, हे आलं की त्या हात वर करायच्या. "ते राहू दे. फुडचं वाच." पण पत्र संपल्यावर हळूच विचारायच्या, "त्याची बेगमी झाली का पण? थंडीला पुरंल एवढं?" जत्रेत बक्षीस मिळालेल्या कोबीचं वर्णन मात्र तीनदा वाचून घेतलं. तिथं उन्हाळ्यात सूर्य मावळायचं नाव घेत नाही, म्हणून कोबीचा गड्डा लेकराला कवेत मावत नाही एवढा होतो. अक्कांनी ओट्यावर विती टाकून तो केवढा असेल ते पाहिलं.

शेजारची एक म्हातारी, तिकडच्या मूळच्या लोकांपैकी, कातड्याच्या हातमोज्यांवर बारीक मण्यांची फुलं भरते आणि आना तिच्याजवळ बसून शिकते, हे ऐकून त्यांनी मान हलवली. "बसू दे. जवळ बसल्याबिगर हात येत न्हाई." थंडीच्या जत्रेत बर्फाच्या लाद्या कोरून त्याचे पक्षी, अस्वलं, घरं करतात, आणि उन्हाळा लागला की ते सगळं वितळतं, हे त्यांना फारसं आवडलं नाही. एवढी मेहनत करून ठेवायचं काय, असं त्यांचं म्हणणं.

एका पत्रात रूताबाईंनी समुद्राकाठच्या लोकांचा एक खेळ लिहिला होता. कातडं शिवून मोठी गोधडी करतात, सगळेजण कडेनं ती ताणून धरतात, आणि मधे उभ्या राहिलेल्याला उंच उडवून परत झेलतात.

"गोधडी अंगावर घ्यायची असती, बाबा. माणसं फेकायची न्हाई," अक्का म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "किती जण धरतात?"

"तीस-चाळीस असतील."

"मंग पडत न्हाई कुणी."

सगळ्यांत जीव त्यांचा नदीत होता. रूताबाईंच्या गावची नदी थंडीत दगडासारखी गोठते. मग लोक बर्फावर एक खांब उभा करतात आणि त्याची तार काठावरच्या घड्याळाला बांधतात. वसंतात बर्फ फुटला की खांब सरकतो, घड्याळ बंद पडतं. तो दिवस आणि ती वेळ आधी ओळखून चिठ्ठीवर लिहायची, असा गावचा खेळ. रूताबाई एक चिठ्ठी अक्कांच्या नावानं टाकायच्या. अक्कांचं उत्तर दरवर्षी एकच: "आखितीला. दुपारी, भांडी घासायच्या टायमाला." मी कॅलेंडरात अक्षय तृतीया बघून तारीख लिहायचो. एका वर्षी सहा दिवसांनी चुकलं, एका वर्षी एकाच दिवसानं. अक्का म्हणाल्या, "आखिती जाग्यावर हाय. नदीलाच दम निघाला न्हाई."

माझ्या बी. ए. च्या दुसऱ्या वर्षी आलेल्या पत्रात होतं की थंडीत गावातल्या बाया पाळीपाळीनं एकेकीच्या घरी जमून गोधड्या शिवतात. अक्का सरसावून बसल्या. "कापड कोणतं घेतात, लिहिलंय का?"

लिहिलं होतं. दुकानातून नवं, रंगाला रंग लावून.

अक्कांनी हातातली सुई कापडात टोचून ठेवली. "मंग त्या लेकराला थंडी वाजत असंल," त्या म्हणाल्या.

त्याच दिवशी ठरलं की आनासाठी गोधडी करायची. आधी मापाचं पत्र गेलं, आणि रूताबाईंनी पाकिटातून आनाच्या उंचीएवढा पांढरा दोरा धाडला. अक्कांनी तो कोनाड्यातल्या खिळ्याला अडकवला. आतले थर त्यांच्या स्वतःच्या लुगड्यांचे. पण वरचं कापड आनाच्याच घरचं पाहिजे. त्याशिवाय ती गोधडी त्या घरची होणार नाही, असं त्यांचं ठाम मत. मी कागद घेऊन बसलो. अक्का सांगू लागल्या, "लिही. आनाचे तोकडे झालेले झगे धाडा म्हणावं. तुमचं जुनं काही, मालकाचा सदरा. फाटकं असलं तरी चालतंय. धुऊन-बिऊन न्हाई दिलं तरी चालतंय."

माझा हात थांबला. आमच्या वडिलांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली तेव्हापासून दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेलं काही आमच्या घरात आलेलं नाही. त्यापायी आम्ही भावंडं थंडीत उघडी फिरलो, पण आलं नाही. मला पहिला नवा सदरा मिळाला तो कॉलेजात जाताना, निळ्या रेघांचा, बाजारातल्या शिंप्यानं शिवलेला. 'फाटकं असलं तरी चालतंय' हे माझ्या अक्षरात, इंग्रजीत, परक्या माणसांना लिहायचं, हे मला जमेना. ते अक्कांचं वाक्य होतं, माझं नव्हतं, एवढं साधं मला त्या वेळी कळलं नाही. मी लिहिलं: अक्का मजेत आहेत, पाऊस बरा आहे, दोरा मिळाला.

अक्कांनी कागद मागून घेतला आणि लिहिण्यावर बोटं आडवी लावली. "मी एवढी बोलले. हे तर चार बोटंच हाय."

"इंग्रजीला जागा कमी लागते, अक्का."

"असं?" त्यांनी माझ्याकडं पाहिलं. माझी आधीची पत्रं त्यांनी अशीच मोजलेली होती. "असू दे," म्हणाल्या आणि कागद परत दिला.

उत्तर आलं. त्यात कापडाचं काही असणार नव्हतंच. "इसरले असतील," अक्का म्हणाल्या. "थंडीची कामं काय थोडी असतात?" पुढच्या वर्षी नवा दोरा आला, आधीच्यापेक्षा पाच बोटं लांब. अक्कांनी आतल्या थरांना खाली एक पट्टा जोडला. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी एक. थर गुंडाळी करून कोनाड्याखाली पडून होते आणि लेकरू तिकडं वाढत होतं. दर पत्राला अक्का एकदा विचारायच्या, "कापडाचं काही?" मी "नाही" म्हणायचो. त्या दुसऱ्यांदा विचारत नसत. खरं सांगायचं असं मी दर सुट्टीत ठरवून यायचो.

एम. ए. साठी औरंगाबादला निघालो तेव्हा निरोप घ्यायला गेलो. अक्का सुईत दोरा ओवत होत्या.

"सांगायचं काही राहिलं का?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

"मंग जा. गाडी थांबत न्हाई कुणासाठी."

पुढच्या सुट्टीत आलो तर अक्का नातीच्या बाळंतपणासाठी लेकीकडं जिंतूरला गेलेल्या. कोनाड्याखालची गुंडाळीही नव्हती. त्याच सुट्टीत मी माझा निळ्या रेघांचा सदरा शोधला. कॉलर उसवली होती, पण घरात घालायला बरा होता. मायला विचारलं.

"दिला," ती म्हणाली.

"कुणाला?"

"मागितला, दिला. आपल्या घरून कुणी मागतं का कधी?"

मला वाटलं, कुणी अडलेलं माणूस असेल. मी विषय सोडला.

हिवाळ्यात वडिलांनी कुणाकडून तरी पत्र लिहवून घेतलं. त्यात इतर मजकुरामध्ये एक ओळ होती: बाजारगल्लीतल्या अक्का जिंतूरला वारल्या, दुखणं फार दिवसांचं नव्हतं. वसतिगृहाच्या व्हरांड्यात उभा राहून मी ती वाचली. परीक्षा जवळ होती. गेलो नाही. जाऊन कुणाला काय सांगणार, हेही होतंच.

त्यानंतर चारेक महिन्यांनी रूताबाईंचं पत्र वसतिगृहाच्या पत्त्यावर आलं; तो पत्ता मीच त्यांना कळवला होता. अक्का गेल्याचं त्यांना अजून कळलेलं नव्हतं. बर्फ अजून धरून आहे, यंदा अक्का कोणता दिवस सांगतात, असं वरच विचारलं होतं. खाली त्यांनी लिहिलं होतं की गोधडी बोटीनं पोचली, आनाच्या मापाची आहे, आणि थंडीच्या जत्रेत गावच्या बायांनी ती हॉलच्या भिंतीवर मधोमध लावली. जुने कपडे मागणारं पत्र त्यांना वर्षापूर्वी, अक्का लेकीकडं जाऊन आल्या तेव्हा, जिंतूरहून आलं होतं, अक्कांच्या मास्तर जावयाच्या अक्षरातलं. त्यात अक्कांनी सांगितलं होतं, "माझी पत्रं लिहिणारा पोरगा चांगल्या घरचा हाय. त्याला हे लिहिणं जड गेलं. त्याला काही विचारू नका." म्हणून त्यांनी विचारलं नव्हतं.

गोधडीसोबत जावयानं लिहिलेली एक चिठ्ठी होती, कोणता तुकडा कशाचा ते सांगणारी. रूताबाईंनी ती माझ्यासाठी उतरवून काढली होती. आनाचा पिवळा झगा, आनाचा लाल झगा, रूताबाईंचा पडदा झालेला घागरा, मालकाचा सदरा. आणि मधोमध निळ्या रेघांचा एक तुकडा: पत्र लिहिणाऱ्याच्या घरचा, त्याच्या आईकडं जाऊन मागून आणलेला. आनानं अक्कांसारखी बोटं आडवी लावून तो तुकडा मोजला, असं रूताबाईंनी शेवटी लिहिलं होतं. तिच्या बोटांनी तो पाच भरला, आणि रूताबाईंच्या बोटांनी चार.